छतावरची ४९ सेंटिमीटर तार: आडवाटेच्या गाडीत हॅम रेडिओ बसवताना आणि वापरताना

चार-पाच गाड्यांचा ताफा डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागला की तासाभरात मोबाइलच्या काड्या जातात. मग उरतात हॉर्न, दिव्यांची उघडझाप आणि खिडकीतून काढलेला हात. पुढची गाडी वळणाआड गेली की तेही संपतं. ही उणीव हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन चालवायचा हौशी रेडिओ, इतकी नीट भरून काढतो की एकदा सवय लागल्यावर त्याच्याशिवाय ताफा काढावासा वाटत नाही. पण सेट आणून डॅशबोर्डवर ठेवला म्हणजे काम झालं, असं नाही. गाडीत सेट बसवायचा, मोजमाप करायचं, वाटेवर वापरायचा आणि परत आणायचा, हे सगळं आम्ही ज्या क्रमाने करतो तो क्रम इथे देत आहोत. आवाज पोचतो तो अँटेना, विजेची तार आणि बोलण्याची शिस्त यांच्या जोरावर. सेट कोणत्या कंपनीचा, याला त्या मानाने फार थोडं महत्त्व आहे.

आधी परवाना. बोलणाऱ्याकडे आपल्या देशाचा हौशी रेडिओचा परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं ओळखीचं नाव, हवा. ताफ्यातल्या पाच गाड्यांपैकी तीनच गाड्यांत परवानाधारक असतील, तर उरलेल्या दोन गाड्यांत परवाना न लागणारे कमी ताकदीचे संच देतो, नाहीतर माणसांची अदलाबदल करून प्रत्येक गाडीत एक परवानाधारक बसवतो. हौशी रेडिओवर पैसे कमावण्याचं काम चालत नाही. म्हणून पैसे घेऊन सहल चालवणाऱ्यांनी त्यासाठी व्यावसायिक परवान्याचे संच घ्यावेत. संभाषण सांकेतिक करून लपवायचं नाही. ताफा सीमा ओलांडणार असेल तर पलीकडच्या देशाची परवानगी आधी हातात हवी, कारण काही ठिकाणी नुसता सेट गाडीत सापडला तरी तो जप्त होतो. जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. संकटात सापडलेल्या स्टेशनने मदतीसाठी हाती असेल ते रेडिओसाधन वापरावं, याला आंतरराष्ट्रीय नियमावलीची आडकाठी नाही.

वीज: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम

गाडीत बसवायचा २ मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) सेट साधारण ५० वॉटचा असतो. ऐकताना तो अर्धा-पाऊण अँपिअर घेतो आणि पीटीटी, म्हणजे मायक्रोफोनवरचं बोलण्याचं बटण, दाबल्यावर १० ते १२ अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर हा भार टाकायचा नाही. तिथला फ्यूज बऱ्याचदा १० किंवा १५ अँपिअरचाच असतो, आतली तार बारीक असते, आणि खडकाळ वाटेवर प्लग हलून हलून संपर्क तुटत राहतो. त्या सॉकेटवर फार तर हँडीचा (हातात धरायच्या छोट्या सेटचा) चार्जर लावावा.

तार थेट बॅटरीवरून आणायची. किती जाड, ते हिशोबाने ठरतं. बॅटरीपासून सेटपर्यंत ४ मीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबं होतं. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ११ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वाटेतच जातो. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तोटा ०.४ व्होल्टच्या आत राहतो. बहुतेक सेट १३.८ व्होल्टच्या खाली-वर १५ टक्के चालतात, म्हणजे ११.७ व्होल्ट ही खालची हद्द. इंजिन बंद आहे, बॅटरीवर १२.४ व्होल्ट आहेत आणि तारेत १ व्होल्ट गेला, की सेटला मिळतात ११.४. पीटीटी दाबताच पडद्यावरचा उजेड मंदावतो, सेट बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि समोरच्याला नुसती 'टक्' ऐकू येते. लोक सेट दुरुस्तीला देतात. दोष तारेचा असतो.

धन तारेवर १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तो सेटजवळ लावला आणि इंजिनाच्या बाजूला तारेचं आवरण घासून निघालं, तर मधल्या अडीच-तीन मीटरला कसलंच संरक्षण राहत नाही. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट घालायचाच, कारण पत्र्याची कड हादऱ्यांनी तार कापत जाते. टोकाला थिंबल दाबून घ्यायचं आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची.

ऋण तारेबद्दल नेहमी वाद होतो. ज्या गाड्यांच्या ऋण टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, त्यांत सेटची ऋण तार टर्मिनलला न जोडता सेन्सरच्या पलीकडे, बॅटरीची जाड तार बॉडीला जिथे बोल्टने बसवली आहे तिथे जोडायची. नाहीतर सेटने घेतलेली वीज सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. दुसरा धोका सगळ्याच गाड्यांत असतो. बॅटरीची बॉडीकडे जाणारी मुख्य तार सैल झाली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह सेटच्या बारीक ऋण तारेतून आणि अँटेनाच्या केबलमधून वाट शोधतो. बॉडीच्या बोल्टला जोडलं की ही भीतीही जाते.

सेटचा मुख्य भाग सीटखाली आणि नियंत्रणाचा पुढचा तुकडा डॅशवर, अशी विभागणी सोयीची आहे. पण ओढे ओलांडणाऱ्या गाडीत पाणी पहिल्यांदा सीटखालीच येतं. अशा गाडीत मुख्य भाग मागच्या बाजूला उंचावर बसवावा. त्याच्या पंख्यासमोर ४-५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि तिथे स्लीपिंग बॅग कोंबू नये. एअरबॅगच्या वाटेत काहीही बसवायचं नाही, आणि पिवळ्या रंगात गुंडाळलेल्या वायरिंगला सेटच्या तारा बांधायच्या नाहीत. गाड्यांत तो रंग बहुधा एअरबॅगचाच असतो.

अँटेना

खरं काम इथे आहे. २ मीटर बँडवर पाव तरंगाची (तरंगलांबीच्या पाव हिश्शाएवढी) अँटेना म्हणजे जवळपास ४९ सेंटिमीटरची एक सरळ तार. मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने ७१.३ ला भागलं की लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ साठी ०.४९. एवढ्याशा तारेने काय होणार, असं वाटतं. पण अँटेनाचा दुसरा अर्धा भाग गाडीचं छत असतं. तार छताच्या मधोमध उभी असेल तर तिला चारही बाजूंना सपाट धातू मिळतो आणि आवाज सर्व दिशांना सारखा जातो. हीच तार मागच्या स्टेपनीच्या चौकटीवर लावली तर पुढच्या दिशेला गाडीचं अंग आडवं येतं. शेपटीच्या गाडीला पुढचे ऐकू येत नाहीत, ही तक्रार बऱ्याच वेळा इथूनच निघते.

लांब अँटेना घेतली की लांब पोचते, हा समज पठारावर खरा ठरतो. पाच-अष्टमांश तरंगाची अँटेना सव्वा मीटरच्या आसपास असते आणि ती आपली ताकद क्षितिजाकडे दाबून पाठवते. डोंगरात मात्र समोरचा माणूस किंवा रिपीटर (उंचावरून आवाज पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) आपल्या डोक्यावरच्या धारेवर असतो, गाडी स्वतः वीस अंश कललेली असते, आणि तो दाबलेला झोत एका बाजूला जमिनीत तर दुसऱ्या बाजूला आभाळात जातो. झाडांच्या फांद्याही उंच अँटेनाला आधी गाठतात. दाट झाडीत आणि घळींत आम्ही पाव तरंगाचीच तार ठेवतो. ती फांदीला लवते, मोडली तर सुटी तार खोक्यात असते.

बसवण्याच्या पद्धतींत छताला १९ मिलिमीटरचं भोक पाडून लावलेला एनएमओ माउंट (अँटेना फिरवून बसवायचा तळ) सगळ्यांत भक्कम. त्याचा रबरी वॉशर पाणी अडवतो. तार काढून ठेवलीत तर त्यावर टोपी लावायला विसरू नका, नाहीतर मधल्या बिंदूवर पाणी साचून हिरवा गंज चढतो. भोक पाडायचं नसेल तर चुंबकाचा तळ चालतो, पण त्याखाली धुळीचा थर बसला की हादऱ्यांनी रंग खरवडला जातो. रोज संध्याकाळी उचलून पुसावा. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चुंबक चिकटत नाही आणि कापडी किंवा फायबरच्या टपाला चिकटायला धातूच नसतो. तिथे अर्ध्या तरंगाची, जमिनीचा आधार न लागणारी अँटेना घ्यावी.

बॉनेटच्या कडेला चिमटा लावणाऱ्यांसाठी एक बारकावा. चिमट्याचे छोटे स्क्रू रंगाच्या थरातून आत घुसून पत्र्याला टेकले पाहिजेत. मल्टिमीटरचं एक टोक चिमट्याला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावा. अर्ध्या ओहमच्या आत आकडा हवा. चिमटा बॉनेटला टेकला तरी बॉनेट बिजागऱ्यांच्या रंगामुळे बॉडीपासून तुटलेलं असू शकतं. तेव्हा बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची पट्टी बोल्टने लावावी.

कोॲक्सची, म्हणजे मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेल्या अँटेनाच्या केबलची, लांबी गरजेपुरतीच ठेवा. आरजी-५८ केबलच्या ५ मीटरमध्ये २ मीटर बँडवर १ डेसिबलच्या आसपास आणि ७० सेंटिमीटर बँडवर (४३० मेगाहर्ट्झच्या आसपास) दोनच्या आसपास तोटा होतो. दोन डेसिबल म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद केबलमध्येच गेली. केबल दारातून आत घेताना रबराच्या मऊ भागातून आणि वरून खाली येईल अशी घ्या. बाहेरच्या बाजूला ती एकदा खाली लोंबवून मग आत वळवली की पाणी त्या वळशावरून ठिबकून जातं. दार बंद करताना केबल चेपली गेली तर आतली जाळी मधल्या तारेच्या जवळ सरकते आणि मोजमाप बिघडतं. ओळखायचं कसं, तर दार उघडं ठेवून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा आकडा) मोजा, मग दार लावून मोजा. आकडा हलला तर केबलची वाट बदला.

केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरला जाळीचाही डाख नीट बसला पाहिजे. आम्ही ६० वॉटचं किंवा त्याहून मोठं सोल्डरिंग आयर्न वापरतो. बारीक आयर्न पितळ तापवेपर्यंत आतलं प्लास्टिक वितळून जातं. डाख चमकदार आणि पसरलेला दिसायला हवा. मण्यासारखा गोल उभा राहिला असेल तर तो धरलेला नाही. बाहेर उघड्यावरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची आणि तिच्यावर साधी टेप.

मोजमाप

सेटला पूर्ण ताकदीने पहिला शब्द बोलायच्या आधी एसडब्ल्यूआर मोजायचा. गाडी मोकळ्या जागी, दारं बंद, टपावर प्रवासात असेल तेच सामान. टपावरच्या कॅरियरमध्ये अँटेनाशेजारी लोखंडी जेरीकॅन उभा केला तर आकडे बदलतात, म्हणून रिकाम्या टपावर केलेलं मोजमाप कामाचं नसतं. सेट सर्वांत कमी ताकदीवर ठेवा, फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका, आपला कॉलसाइन सांगा, मग मोजा. बँडच्या खालच्या टोकाला, मध्ये आणि वरच्या टोकाला असे तीन आकडे घ्या.

१.५ एसडब्ल्यूआरला ४ टक्के ताकद परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.५ च्या खाली आणण्यासाठी दिवसभर झटण्यात अर्थ नाही. २ च्या वर मात्र बोलू नये, कारण सेट स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. आकडा खालच्या फ्रिक्वेन्सीला चांगला आणि वर वाईट असेल तर तार लांब आहे. १४५ च्या आसपास १ सेंटिमीटर कापलं की सुमारे ३ मेगाहर्ट्झने फरक पडतो. म्हणून एका वेळी २-३ मिलिमीटरच कापा. कापलेली तार परत जोडता येत नाही, पण ५१-५२ सेंटिमीटरपासून सुरुवात केली तर घाईचं कारणच उरत नाही. तिन्ही ठिकाणी आकडा ३ च्या वर असेल तर लांबीकडे पाहू नका. अर्थिंग तुटलं आहे किंवा कनेक्टरमध्ये जाळीचा एक केस मधल्या तारेला चिकटला आहे.

शेवटचे तीन आकडे, तारेची लांबी आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून ती डॅशच्या आतल्या बाजूला लावतो. वाटेत काही बिघडलं तर ताडून पाहायला काहीतरी असतं.

मग येतो गोंगाट. आडवाटेच्या गाड्यांवर एलईडी दिव्यांच्या लांब पट्ट्या असतात, आणि त्यांच्या आतलं वीज नियंत्रण करणारं सर्किट कित्येकदा थेट व्हीएचएफवर, म्हणजे २ मीटर बँड ज्यात येतो त्या पट्ट्यावर, कचरा ओकतं. तपासायचं असं: इंजिन चालू ठेवून दूरचं एखादं कमजोर स्टेशन लावा, आणि दिवे, यूएसबी चार्जर, डॅशकॅम, फ्रिज एकेक करून चालू करा. कशाने स्टेशन बुडतं ते लगेच कळतं. त्या यंत्राच्या तारेवर, अगदी यंत्राला लागून, ३१ किंवा ४३ क्रमांकाच्या मिश्रणाचा फेराइट चिमटा लावावा. तार त्यातून दोन-तीन वेढे घालून नेली तर परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीने वाढतो. तरीही आवाज गेला नाही तर रात्रीच्या वाटचालीत पुढची गाडी सोडून इतरांनी ती पट्टी बंद ठेवावी. सुळसुळणारा, इंजिनाच्या वेगासोबत चढ-उतार होणारा सूर समोरच्याला आपल्या आवाजात ऐकू येत असेल, तर तो अल्टरनेटरचा. त्याचा उगम बहुधा सैल अर्थिंगमध्ये सापडतो.

चॅनेल भरणं

निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व गाड्यांच्या सेटमध्ये एकच यादी, त्याच क्रमांकांवर भरायची. चर्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर बहुतेक सेटना चालतं. पहिले तीन चॅनेल ताफ्याचे: एक मुख्य आणि दोन राखीव सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय, एकाच फ्रिक्वेन्सीवर थेट बोलायचे). चौथा त्या प्रदेशाचा कॉलिंग चॅनेल, म्हणजे युरोपात १४५.५०० आणि उत्तर अमेरिकेत १४६.५२० मेगाहर्ट्झ. त्यापुढे वाटेवरचे रिपीटर. कॉलिंग चॅनेलवर ताफ्याच्या गप्पा मारायच्या नाहीत; तिथे हाक मारून दुसरीकडे सरकायचं, म्हणजे खरंच मदत मागणाऱ्याला जागा राहते.

रिपीटरला ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. २ मीटरवर हे अंतर सहसा ६०० किलोहर्ट्झ. ७० सेंटिमीटरवर ते देशागणिक बदलतं. शिवाय सीटीसीएसएस नावाचा, आपल्याला ऐकू न येणारा खालचा सूर लागतो. ताफ्याच्या सिम्प्लेक्स चॅनेलवर मात्र हा सूर बंद ठेवा. एका सेटमध्ये ऐकण्यासाठी सूर चालू राहिला की ती गाडी सगळ्यांना ऐकू येते आणि तिला कुणीच ऐकू येत नाही. चालक मुका नाही, बहिरा झालेला असतो. अशी तक्रार आली की पहिली नजर इथे टाकायची. दुसरी चॅनेलच्या रुंदीवर: एकाचा सेट २५ किलोहर्ट्झवर आणि दुसऱ्याचा १२.५ वर असेल तर एकाचा आवाज दबका आणि दुसऱ्याचा फाटका येतो.

वाटेवर

ताफ्यात ताकद ५ वॉटच ठेवतो. दोन किलोमीटरच्या अंतराला तेवढी पुरते, सेट तापत नाही आणि आसपासच्या खोऱ्यांतल्या लोकांना त्रास होत नाही. ५ वरून ५० वॉटवर गेल्याने १० डेसिबल मिळतात, म्हणजे सेटच्या सिग्नल मीटरवर दोन खुणांहूनही कमी. खडकाचा अडसर त्याहून कितीतरी मोठा असतो.

पीटीटी दाबून एक श्वास थांबायचं, मगच बोलायचं. हे न केल्याने पहिला शब्द कापला जातो, आणि मराठीत नकार पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येत असला तरी गाडीचं नाव सुरुवातीलाच असतं. मायक्रोफोन तोंडापासून चार बोटं अंतरावर आणि जरा तिरका. ओरडलं की आवाज मोठा होत नाही, नुसता फाटतो. दोघं एकदम बोलले तर एफएमवर जोरकस असेल तो निघतो आणि दुसरा पूर्ण गडप होतो. तो गडप झालेला निरोप कदाचित 'थांबा' असतो. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद मोकळे सोडायचे.

आकडे एकेक अंकाने सांगायचे. 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' खडखडाटात एकसारखे लागतात; 'पाच नऊ' म्हटलं की घोळ नाही. सात आणि आठ यांची गफलत तरीही होते, म्हणून ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा.

पुढची आणि शेपटीची गाडी यांतले चालक अनुभवी असावेत. पुढचा समोरून येणारी वाहनं, खड्डे, कडा सांगतो. शेपटीचा प्रत्येक फाट्यावर 'सगळे वळले' एवढं कळवतो. ते ऐकल्याशिवाय पुढचा पुढे जात नाही. या एका नियमाने हरवण्याचे निम्म्याहून जास्त प्रसंग टळतात.

कठीण खडकावर गाडी चढवताना वाट दाखवणारा बाहेर उभा राहून हँडीवर बोलतो. इंजिनाच्या आवाजात खिडकीतून ओरडून काही कळत नाही. डावं-उजवं नेहमी चालकाचं. समोर तोंड करून उभं राहणाऱ्याने ते मनातल्या मनात उलटवायचं. एकच माणूस बोलतो. 'थांब' मात्र कुणीही म्हणू शकतो, आणि तो तीनदा म्हणायचा: थांब, थांब, थांब. विंचने ओढताना हाच नियम आणखी कडक पाळतो. हँडीवाला तारेच्या ताणाच्या रेषेत उभा राहत नाही.

मायक्रोफोन सीट आणि गिअर यांच्या फटीत पडून पीटीटी दाबला जातो, ही आडवाटेवरची अगदी नेहमीची घटना. सगळा ताफा बंद पडतो, कारण एकाच गाडीतली गाणी सर्वांना ऐकू येत राहतात आणि कुणीच बोलू शकत नाही. यावर उपाय दोन. मायक्रोफोनला पत्र्यावर स्क्रूने बसवलेला घट्ट हूक, आणि सेटमधला टाइम-आउट टायमर ३ मिनिटांवर. शिवाय आधीच ठरवून ठेवायचं, की मुख्य चॅनेल असा अडकला तर सगळ्यांनी दुसऱ्यावर जायचं.

डोंगराआड

दोन गाड्यांच्या अँटेना जमिनीपासून २-२ मीटर उंच असतील तर सपाट जागी रेडिओचं क्षितिज साडेअकरा किलोमीटरच्या जवळपास येतं. धारेवर ४०० मीटर उंच असलेल्या रिपीटरपर्यंत तेच ८५-९० किलोमीटर होतं. हिशोब सोपा आहे: दोन्ही उंचींची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. डोंगरात हे आकडे कोसळतात, पण दोन युक्त्या उपयोगी पडतात.

पहिली, कड्याच्या अगदी पायथ्याशी उभं राहून हाक मारू नका. कड्याच्या धारेवरून वाकून येणारी लहर पायथ्याशी सर्वांत कमी पोचते. शंभर-दोनशे मीटर मागे, दरीच्या पलीकडच्या बाजूला सरकलं तर तोच रिपीटर उघडतो. दुसरी, आवाज मध्येच तुटत असेल तर गाडी अर्धा-एक मीटर पुढे घ्या. वेगवेगळ्या खडकांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात, आणि २ मीटर तरंगलांबीवर मेलेली जागा आणि जिवंत जागा यांच्यात एवढंच अंतर असतं. थांबलेल्या गाडीतून 'इथे रेंज नाही' असं सांगणाऱ्याला आम्ही आधी चाकाचा अर्धा फेरा पुढे यायला सांगतो.

एक गाडी खिंडीत उभी करून तिच्याकडून निरोप पलीकडे पोचवणं हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग. सेटला क्रॉसबँड रिपीटरची सोय असेल तर तो ७० सेंटिमीटरवर ऐकून २ मीटरवर आपोआप पुढे देतो. तेव्हा सेट सतत बोलत असल्यासारखाच तापतो, म्हणून ताकद १० वॉटवर आणायची आणि इंजिन किंवा दुसरी बॅटरी यांची व्यवस्था ठेवायची. ही सोय सगळ्या देशांत सगळ्यांना चालत नाही. नियम आधी पाहावा.

एपीआरएसचं यंत्र लावलं तर गाडीचं ठिकाण आपोआप प्रसारित होतं. बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केलेली ही पद्धत १२०० बॉडवर चालते, उत्तर अमेरिकेत १४४.३९० वर आणि युरोपात १४४.८०० वर. फिरत्या गाडीच्या कॉलसाइनच्या शेवटी ९ लावायचा. दर दोन-तीन मिनिटांनी एक ठिपका पुरे; दहा सेकंदांनी पाठवणारा सगळ्यांचा रस्ता अडवतो.

मुक्कामावरून लांबची हाक

जिथे रिपीटरच नाही तिथे एचएफ, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचे लांब पल्ल्याचे बँड, लागतात. दिवसा ७ मेगाहर्ट्झ, रात्री ३.५. गाडीवरची छोटी अँटेना इथे फार कमी कामाची. मुक्कामावर ७ मेगाहर्ट्झसाठी दोन्हीकडे १०-१० मीटर तार ताणून, जमिनीपासून २-३ मीटर उंचीवर बांधलेला डायपोल (मध्ये केबल जोडलेली दोन हातांची अँटेना) बरा. इतका खाली असल्याने तो ताकद सरळ वर फेकतो आणि ती आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात परत पडते. मध्ये कितीही डोंगर असले तरी आड येत नाहीत. १०० वॉटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या वर जातो. गाडी सुरू करायची बॅटरी त्यावर खर्चू नका, वेगळी बॅटरी ठेवा. डायपोलची टोकं माणसांच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधा, कारण टोकावर व्होल्टेज सर्वांत जास्त असतं आणि तिथे हात भाजतो.

मदत मागताना क्रम ठरलेला ठेवतो: कॉलसाइन, ठिकाण, काय झालं, किती माणसं, काय हवं, बॅटरी किती वेळ पुरेल. यात ठिकाण सर्वांत जास्त चुकतं. ३२.५० अंश आणि ३२ अंश ५० मिनिटं ऐकायला सारखे वाटतात, पण उत्तर-दक्षिण दिशेत त्यांच्यात ३७ किलोमीटरचा फरक आहे. म्हणून 'दशांश अंश' की 'अंश-मिनिटं' हे शब्द उच्चारूनच आकडे द्यायचे आणि परत म्हणवून घ्यायचे. उत्तर मिळालं नाही तर सतत हाका मारून बॅटरी संपवायची नाही. तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं बोलायचं-ऐकायचं आणि बंद करायचं. निघतानाच घरी थांबलेल्या परवानाधारकाला हीच वेळ दिलेली असते.

परत आल्यावर गाडी धुण्याआधी अँटेना काढून माउंटवर टोपी लावतो. धूळ पुसून, बॉनेटची तांब्याची पट्टी, फ्यूजचं घर आणि सेटचे नट हाताने हलवून पाहतो; साधे नट बहुधा सैल झालेले असतात, म्हणून आता सगळीकडे नायलॉनचे घट्ट बसणारे नट आहेत. मग पुन्हा तीन फ्रिक्वेन्सींवर एसडब्ल्यूआर. चिकटपट्टीवर १.३ लिहिलेलं असेल आणि आता १.८ येत असेल, तर बहुधा बाहेरच्या जोडात पाणी शिरलेलं असतं. तो कनेक्टर कापून टाकायचा, काळवंडलेली जाळी संपेपर्यंत केबल मागे सोलायची, नवीन डाख द्यायचा आणि पट्टीवर नवीन तारीख घालायची.